न ओरडणारी कामं

‘दिवसभर लॅपटॉपसमोर असते ओ मॅडम, पण रात्री बघावं तर एकही काम धड झालेलं नसतं.’ घरून शिकवण्या घेणारे, विमा एजंट, डिझायनर आणि हल्ली ब्लॉगवर पोट असणारे, समुपदेशक म्हणून मी सगळ्यांकडून हेच ऐकते. प्रत्येकाला वाटतं, वेळेचं नियोजन जमत नाही. मग नवी डायरी येते, नवं ॲप येतं. चार दिवसांत दोन्ही बंद.

जुळे सोलापुरातली एक तरुणी नोव्हेंबरात आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). अकाउंट्सची नोकरी सोडून ती सोलापूरच्या खाण्याफिरण्यावर मराठी ब्लॉग चालवते. उत्पन्न जाहिरातींचं आणि थोडं हॉटेलवाल्यांच्या प्रायोजित लेखांचं. सासूबाईंच्या मते ‘घरीच तर असते’. कामांची यादी मात्र दोन पानं भरून.

‘काल काय केलंत?’

‘ब्लॉगच्या हेडरचा रंग बदलला. अख्खी दुपार गेली.’

‘आणि गड्ड्याच्या यात्रेचा लेख?’

‘तो नीट लिहायचाय की ओ. 68 लिंगांपैकी एखादं जरी चुकलं, तर सोलापूरकर सोडतील होय?’

गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची संक्रांतीला भरणारी यात्रा; ती 68 लिंगंही त्यांनीच स्थापलेली मानतात. लोक डिसेंबरपासूनच शोधायला लागतात आणि नवा लेख सर्चमध्ये वर यायला वेळ लागतो. हे तिनंच मला समजावलं. म्हणजे आधी काय करायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अशा माणसाला ‘तातडीचं’ आणि ‘महत्त्वाचं’ असे चौकोन आखून देण्यात काय अर्थ?

मी यादी पुढे सरकवली. ‘प्रत्येक कामापुढे लिहा, आज हे केलं नाही तर कोण ओरडेल?’

कॉमेंटना उत्तरं: वाचक. रील: फॉलोअर. मैत्रिणीच्या दुकानाचं पोस्टर: मैत्रीण. हुरडा पार्टीच्या जागांचा जुना लेख अद्ययावत करणं: कोणी नाही. हॉटेलचं थकलेलं बिल मागणं: कोणी नाही. गड्डा: कोणी नाही. इथे पेन थांबलं.

‘मॅडम, ज्यातून पैसे येतात, त्यांच्यापुढे कोणीच नाही.’

अशा वेळी मी बोलत नाही. गप्प बसायची ही सवय मी बऱ्याच कष्टानं लावून घेतलीय, आणि तिचं चीज होतं. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, ‘हेडरच्या रंगावरून तरी कोण ओरडत होतं?’

ती हसली, मग डोळ्यांत पाणी आलं. ‘कोणी नाही. पण रंगाला कोणी नावं ठेवत नाही ना.’

गाठ इथे होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली, तिचा माझ्यावर पगडा आहे. कामापेक्षा आपण स्वतःला घातलेली अट जड होते. ‘लेख बिनचूकच झाला पाहिजे, नाहीतर मी नालायक’ ही अट उशाशी असेल, तर माणूस रंगच बदलत बसणार. आम्ही ती अट उतरवली: जाणत्या माणसाला विचारून लिहीन, तरी चूक निघाली तर दुरुस्त करीन. छापील पुस्तकात नसते, ती सोय ब्लॉगवर असतेच.

तुमचंही असंच होत असेल तर सकाळचे पहिले दोन तास न ओरडणाऱ्या एकाच कामाला द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. कॉमेंट आणि मेसेज जेवणानंतर, एकदाच. वर्षाचा कर 10,000 रुपयांवर जात असेल तर आगाऊ कराच्या तारखाही याच कामांत धरा, कारण तिथे ओरड थेट व्याजाच्या रूपानं येते. आणि एखादं काम रोज पुढे ढकललं जात असेल, तर ‘वेळ नाही’ म्हणण्याआधी स्वतःला विचारा, यात मला कोण नावं ठेवील असं वाटतंय?

लेख डिसेंबरच्या सुरुवातीला गेला. एका आजोबांनी यात्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या क्रमातली चूक दाखवली, तिनं त्याच संध्याकाळी दुरुस्त केली आणि त्यांचे आभार मानले. हॉटेलच्या बिलाचे निम्मेच पैसे आलेत. उरलेल्यांसाठी दर सोमवारी सकाळी ती फोन लावते.