वहाळाचं पाणी शेततळ्यात : पाट, पंप की पाइप?

प्रश्न : ३०० पोफळींच्या (सुपारीच्या झाडांच्या) बागेच्या वर २० बाय २० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे. समोरचा वहाळ (ओढा) तळ्याच्या काठापेक्षा ४ मीटर खाली. पण ३०० मीटर वरच्या अंगाला तोच काठापेक्षा ३ मीटर उंच आहे. जानेवारीअखेर आटतो. पाणी कसं आणावं? (वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : तळं भरायला तुम्हाला वहाळ लागतच नाही. बाजूंचा उतार १:१ आणि वरचा अर्धा मीटर रिकामा धरला तर तळ्यात सुमारे ६८५ घनमीटर पाणी मावतं. आपल्याकडे ३ मीटर पाऊस धरला तर तेवढ्या पृष्ठभागावर थेट आभाळातूनच हजारभर घनमीटर पडतं. जुलैतलं गढूळ पाणी आत घेऊन गाळ भरायचा कशाला?

वहाळाचं काम पाऊस सरल्यावर. ठिबकने झाडामागे २० लिटर धरले तर बागेला रोज ६,००० लिटर, शिवाय बाष्पीभवनात सुमारे १,८०० लिटर. म्हणजे सेकंदाला १०० मिलिलिटर पाणी आलं तरी तळं काठोकाठ राहतं. बादली आणि घड्याळ घेऊन नोव्हेंबर ते जानेवारी दर पंधरवड्याला धार मोजा; त्या आकड्यावर निर्णय घ्या.

कच्चा पाट जांभ्यात गळतो, खेकडे बिळं पाडतात. डिसेंबरची बारीक धार बागेपर्यंत पोचतच नाही. १ एचपीचा पंप एवढ्या उंचीला सेकंदाला साधारण ४ लिटर ओढतो. वहाळात येतं त्याहून हे जास्त, त्यामुळे डबकं उपसून पंप हवा ओढू लागतो आणि सील जळतं. वरच्या अंगाहून उताराने येणारा पाइपच बरा.

३ मीटर उंचीच्या फरकावर ३०० मीटर लांबीच्या ५० मिमी एचडीपीई (काळ्या प्लास्टिकच्या) पाइपातून सेकंदाला सुमारे ०.९ लिटर येतं, ६३ मिमीतून १.७. तरी ५०च घ्या : मोठ्या पाइपात बारीक धार संथ चालते आणि गाळ तळाशी बसतो.

बिघडतं ते बहुधा पाइपच्या वळणा-चढांवर. मध्ये कुठे गडगा (दगडी कुंपण) ओलांडताना पाइप उंचावला की तिथे हवा साठते आणि तळ्याकडचं पाणी गचके देत येतं किंवा बंदच होतं. पारदर्शक नळीत पाणी भरून दर १० मीटरवर उंची मोजा आणि पाइप सतत उतरता न्या. उंचवटा टाळता येत नसेल तर तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवून वर छोटी कॉक (तोटी) ठेवा; सुरू करताना ती उघडून हवा सोडा. सर्वांत खोलगट जागी दुसरी कॉक, गाळ सोडायला.

वहाळात वाळू-मातीच्या पिशव्यांचा बंधारा पाऊस थांबताच घाला, जूनआधी काढा. पाइपचं तोंड तळापासून वीतभर वर आणि पाण्यात फूटभर बुडालेलं हवं. त्यावर भोकं पाडलेला ११० मिमीचा पाइप आणि शेडनेट गुंडाळा. पाला साचतो, दर चार-पाच दिवसांनी हात फिरवावा लागतो. तळ्यात धार थेट अस्तरावर पडू देऊ नका, खाली जुना टायर ठेवा.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे : जानेवारीअखेर तुडुंब भरलेलं तळं या हिशेबाने साधारण ८८ दिवस पुरतं, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. मे कोणत्याही पाइपने सुटत नाही. त्यासाठी वरच्या अंगाला आणखी एक-दोन बंधारे घालून वहाळ लांबवा आणि पोफळींच्या बुंध्यात झावळांचं आच्छादन टाका.

वहाळाचं पात्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २० नुसार सरकारी असतं. तलाठ्याला आधी विचारा, खालच्या वाडीलाही.

प्रश्न : आमचा वहाळ खाडीला मिळतो. पाइपचं तोंड खाडीपासून किती वरच्या अंगाला ठेवावं? (वाचक, मालवण तालुका)

उत्तर : किती मीटर वर ते आधी ठरवू नका. एप्रिलमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण भरली असताना, तळाजवळचं पाणी बाटलीत घ्या आणि टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने) मोजा. खारं पाणी जड असल्याने खालून सरकतं. वरचं गोडं लागून फसवतं. जिथे तळाचा आकडाही वरच्या गोड्या वहाळाएवढाच येतो, त्याच्याही वर तोंड ठेवा. माड थोडा खारेपणा सोसतो, पोफळ नाही.