वाचकांचे प्रश्न : सावंतवाडीत, तळ्याच्या काठाने

गोव्याला जाता-येता सावंतवाडीत उतरायचे तर काय पाहावे, काय घ्यावे, अशी पत्रे सुट्ट्यांच्या तोंडावर येतातच. या वेळी त्यांतली पाच निवडली आहेत. दोन उत्तरे जरा लांबली आहेत, कारण गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाकडी खेळणी या दोन्हींत घेणाऱ्याची फसगत होण्याला वाव आहे.

प्रश्न : ठाण्याहून गाडीने गोव्याला निघणार आहोत. सावंतवाडीसाठी अर्धा दिवसच हाताशी आहे. कुठून सुरुवात करावी? (ठाणे)

आधी हे पाहा की गाडी शहरात शिरते आहे ना. पूर्वी मुंबई-गोवा महामार्ग थेट सावंतवाडीतून जायचा. आता तो झाराप ते पत्रादेवी असा शहराला वळसा घालून जातो. गप्पांच्या नादात झारापचे वळण चुकले तर इन्सुलीपर्यंत जाऊन उलटे यावे लागते. रेल्वेने येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : स्थानकाचे नाव ‘सावंतवाडी रोड’ आहे, आणि त्यातला ‘रोड’ फुकटचा नाही. स्थानक गावाबाहेर आहे, पुढे रिक्षा करावी लागते. काही वेगवान गाड्या तर इथे थांबतच नाहीत, त्यांच्यासाठी कुडाळला उतरावे.

शहरात आल्यावर गाडी तळ्याच्या बाजूला लावा आणि विसरून जा. पाहण्यासारखे बहुतेक सारे मोती तलावाच्या आसपास आहे. लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या चितार आळीत गाडी घालण्याच्या भानगडीत पडू नका.

सकाळी सर्वांत आधी राजवाडा. जांभ्या दगडाची ही वास्तू तिसरे खेम सावंत यांच्या काळातली (कारकीर्द १७५५ ते १८०३). दुपारी दरवाजा बंद मिळण्याची शक्यता असते, म्हणून तो पुढे ढकलू नका. बघायचा तो दरबार हॉल, आणि त्याहून जास्त तिथे मांडी घालून गंजिफा रंगवणारे कलाकार. फोटो काढण्याआधी विचारा. रंगवणाऱ्याचा हात एका पानावर असतो, तिथे फ्लॅश मारू नये एवढे तारतम्य हवे. मग चितार आळी. ऊन कलले की तळ्याचा काठ.

प्रश्न : मोती तलाव हा जुन्या किल्ल्याचा खंदक होता, असे एका मार्गदर्शकाने सांगितले. खरे आहे का? (नाशिक)

नाही. तलाव १८७४ मध्ये मुद्दाम बांधून घेतलेला आहे. म्हणजे राजवाड्याहून तो बराच धाकटा. काठावर केशवसुत कट्टा आहे. संध्याकाळी गाव तिथे येऊन बसते, तुम्हीही बसा.

प्रश्न : गंजिफाचा संच घ्यायचा आहे. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. हाताने रंगवलेला संच ओळखायचा कसा? आणि घेतल्यावर खेळायचा कसा? (पुणे)

आधी कोणता संच हवा ते ठरवा. दशावतारी संचात दहा रंग आणि प्रत्येकी १२ पाने, म्हणजे १२० पाने असतात. चंगकांचनी, म्हणजे मोगल धाटणीच्या संचात आठ रंग, ९६ पाने. नवग्रह १०८ आणि राशी १४४. घरी खेळणार असाल तर दशावतारीच घ्या. मासा मत्स्याचा, कासव कूर्माचे, परशू परशुरामाचा ही खूण मुलांनाही लगेच पटते. ५२ पत्त्यांचे संचही गंजिफाच्या शैलीत मिळतात. ते दिसायला देखणे असतात, पण खेळ आपला नेहमीचाच.

आता किंमत. जुन्या काळापासून दोन प्रती चालत आल्या आहेत : दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी कलमात किनार असते, भरगच्च नक्षी असते, बारीक रेघ असते. बाजार कलमात आकृती मोजक्या फटकाऱ्यांत उरकलेली असते. बाजार कलम म्हणजे नकली नव्हे, ते रोज खेळायचे पान. नकली म्हणजे छापलेले पान हाताचे म्हणून विकणे.

ते असे तपासा. एकाच रंगातली दोन पाने शेजारी धरा, उदाहरणार्थ शंखाची आठी आणि नव्वी. हाताने काढलेले दोन शंख कधीही तंतोतंत सारखे नसतात. एकाचे टोक जरा वळलेले, दुसऱ्याचे पोट जरा फुगलेले असणारच. सगळे शंख एकाच साच्यातले दिसले की समजा, ही छपाई. मग पान उजेडात तिरके धरा : कुंचल्याच्या रंगाला कडेला किंचित उंची येते, बोटाला ती जाणवते. साधे भिंग जवळ असेल तर तेही वापरा. छपाईत रंग बारीक ठिपक्यांत फुटलेला दिसतो, कुंचल्याचा सलग दिसतो.

पूर्वी पानासाठी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवत. त्यावर खडूच्या भुकटीचा लेप, मग दगडाने घोटाई, मग रंग आणि शेवटी लाख. इतका खटाटोप कशाला, तर पान ताठ राहावे आणि दुसऱ्या पानावरून सुळकन सरकावे. आता तयार पुठ्ठा वापरतात, त्यात काही लबाडी नाही. मात्र पान वाकलेले असेल किंवा दोन पाने एकमेकांना चिकटत असतील तर तो संच परत ठेवा. लाख किंवा वॉर्निश नीट वाळलेले नाही, आणि डब्यात घालून ठेवले की चित्रच उखडेल. पावसाळ्यात घेताना हे हटकून पाहा.

आणि दुकानातच पाने मोजा. दहा ढीग करा, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. १२० पैकी एक पान कमी निघाले तर संच खेळायला बाद. ते एक पान नंतर रंगवून घेतले तरी रंगाची छटा जुळत नाही.

खेळाविषयी थोडक्यात. खेळाडू तीन, प्रत्येकाला ४० पाने. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची. आपल्या पत्त्यांसारखा एखादा रंग बाकीच्यांवर भारी पडत नाही. ‘हुकूम’ म्हणजे त्या रंगात त्या घडीला शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान. म्हणून राजा पडला की प्रधान हुकूम होतो, आणि सगळा खेळ कोणते पान पडून गेले हे ध्यानात ठेवण्याचा होतो. नवखे चुकतात ते आणखी एका ठिकाणी : निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या निम्म्या रंगांत उलटे, एक्का मोठा आणि दश्शी लहान. कुठल्या रंगाचा क्रम कसा, हे संच घेतानाच कलाकाराकडून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी डब्यात ठेवा. ४० गोल पाने एका मुठीत मावत नाहीत. आधी रंगवार लावा, एकेका रंगाची चळत समोर पालथी ठेवा आणि लागेल ती उचला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम सुरू केले. आज संच मिळतो तो त्यामुळे. तेव्हा घासाघीस जरा बेतानेच.

प्रश्न : चितार आळीतून आणलेल्या लाकडी फळांना वर्षभरात बारीक भोके पडली आणि खाली पिठासारखी भुकटी सांडते. शिवाय मुलाची लाकडी भातुकली सॅनिटायझरने पुसली तर रंग चिकट झाला. माल खराब होता का? (डोंबिवली)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भोके आणि भुकटी म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. खेळण्यांना पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड लागते. ते कातायला सोपे, आणि आंबा किंवा केळे तितके हलके दुसऱ्या लाकडात होत नाही. पण जे कारागिराच्या हत्याराला मऊ ते किड्याच्या दातालाही मऊ. लाकूड पुरते वाळण्याआधी कातले, किंवा देठाच्या खोबणीत रंग पोचला नाही, की किड्याला दार मिळते. घेताना म्हणून फळ उलटे करून देठ आणि बूड पाहा. तिथे लाकूड उघडे दिसले तर दुसरे मागा. हातात विनाकारण जड लागणारे फळ बहुधा ओले असते.

लागलेल्या किडीवर उपाय आहे. फळ प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. खालच्या कप्प्यात नव्हे, बर्फ होतो तिथे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, एक दिवस तशीच राहू द्या. नाहीतर गार फळावर दव जमून रंगाला चिरा जातात. मग भोके मेणाने बुजवा. महिनाभराने पुन्हा भुकटी दिसली तर पुन्हा एकदा हेच. आणि तोवर ते फळ इतरांपासून लांब ठेवा.

चिकट रंगाचे कारण सॅनिटायझरच. लाख स्पिरिटात विरघळते, आणि सॅनिटायझरमध्ये मुख्यतः तेच असते. लाखेचे काम फिरत्या लाकडावर होते : लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर चढते. म्हणून अशा खेळण्यावर रंगाचा थर पातळ, एकजीव आणि मंद चमकीचा दिसतो. तो ओलसर फडक्याने पुसावा आणि लगेच कोरड्याने. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये. एवढे पाळले तर वर्षानुवर्षे टिकतो.

मात्र आळीत मिळणारी सगळी खेळणी लाखेची नसतात. फळांवर बहुतेकदा कुंचल्याने किंवा फवाऱ्याने तैलरंग दिलेला असतो. तो दिसायला झकास आणि शोकेसला उत्तम. दात येत असलेल्या मुलाच्या हातात मात्र देऊ नका. त्याच्यासाठी बिनरंगी लाकडाचे खुळखुळे, चकत्या मागा. दुकानदार आत ठेवतात, विचारल्याशिवाय काढत नाहीत.

प्रश्न : मुक्कामात दशावतार पाहायला मिळेल का? (इंदूर)

दशावतार म्हणजे इथल्या देवळांच्या जत्रांत रात्री होणारे लोकनाट्य. पावसाळ्यात आलात तर आशा सोडा. हंगाम कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की, आणि तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. सावंतवाडी शहरात नाही मिळाला तर आसपासच्या कुठल्या तरी गावच्या देवळात त्या रात्री प्रयोग असतोच. त्रिपुरी पौर्णिमेनंतर लगेच सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा, लोटांगणांची म्हणून प्रसिद्ध, तिथे गर्दी प्रचंड. पहिल्यांदा पाहणाऱ्याने लहान गावची जत्रा निवडावी, अगदी पुढ्यात बसता येते.

खेळ उशिरा उभा राहतो. जेवून, गरम कपडे घेऊन जा. आधी आडदशावतार : गणपती, सरस्वती, मग संकासुराची धमाल. नंतर आख्यान, म्हणजे मुख्य कथा. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. साथीला पेटी, पखवाज, झांज. स्त्रीपात्रेही पुरुषच करतात, आणि लुगडे सावरण्याची लकब पाहून पहिल्या रात्री बहुतेकांची गफलत होते. कुठे प्रयोग आहे ते लॉजवाल्यापेक्षा रिक्षावाल्याला विचारा. त्याला नाटक मंडळीचे नावही माहीत असते, आणि पहाटे परत आणायला तोच उपयोगी पडतो. येण्या-जाण्याचे भाडे मात्र निघतानाच ठरवून घ्या.