सीएफडीवाले सर की ट्रायबॉलॉजीवाले?

प्रश्न : दादा, मी बडोद्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर दांडिया बाजारात. प्रोजेक्टसाठी गाइड निवडून शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. दोन सरांकडे जागा आहे, एक सीएफडीवाले (हवा-पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणितानं काढणं), दुसरे ट्रायबॉलॉजीवाले (घर्षण, झीज आणि वंगण यांचा विषय). ग्रुपमधले सगळे म्हणतात सीएफडी घे, घरी बसून लॅपटॉपवर होतं, ट्रायबॉलॉजी म्हणजे नुसतं ग्रीस आणि घासाघाशी. बाबा म्हणतात जे सर चांगले त्यांच्याकडे जा. आता चांगले कोण हे कसं कळणार?

उत्तर : अरे घासाघाशी हाच त्या शब्दाचा अर्थ आहे, ग्रीकमध्ये 'ट्रायबॉस' म्हणजे घासणं. शब्द तसा नवाच, १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या कमिटीनं ब्रिटिश सरकारला रिपोर्ट दिला त्यातून रूढ झाला, पण विषय बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या माणसाइतका जुना आहे. तेव्हा ग्रुपला सांग, तुम्ही चेष्टा करायला गेलात आणि व्याख्या सांगून बसलात.

आता गंमत बघ. सीएफडी करताना तू पहिल्या दिवशी रेनॉल्ड्स नंबर काढशील, म्हणजे प्रवाह शांत राहील की विस्कटेल ते सांगणारा आकडा. हे ओसबोर्न रेनॉल्ड्स १८६८ पासून मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगचे प्रोफेसर. १८८३ साली त्यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की वेग कमी असला की धार सरळ दोऱ्यासारखी जाते आणि वेग वाढवत नेला की एका क्षणी विस्कटून सगळ्या पाण्यात पसरते. पाइपमधला प्रवाह विस्कटायला लागतो तो रेनॉल्ड्स नंबर म्हणून आपण २३०० चा आकडा पाठ करतो ना, त्याचं मूळ तिथे.

त्याच साली तिकडे बोशॅम्प टॉवर नावाचा इंजिनिअर बेअरिंगवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला (शाफ्टला) आधार देणाऱ्या भागावर, प्रयोग करत होता. त्यानं तेल घालायला बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, तर मशीन चालू झाल्यावर तेल आत जायच्या ऐवजी उलट त्या भोकातून वर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, तेही बाहेर ढकललं गेलं! म्हणजे फिरणारा शाफ्टच तेलाला ओढून नेऊन फटीत असा दाब तयार करत होता की शाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नव्हते. हे कसं होतं त्याचं गणित १८८६ साली मांडलं कोणी, तर याच रेनॉल्ड्सनी, आणि ट्रायबॉलॉजीत आजही ते रेनॉल्ड्स इक्वेशन म्हणूनच शिकवतात. तेलाची पातळ फिल्म हाही शेवटी फ्लोच रे. तुझ्या दोन सरांच्या केबिन वेगवेगळ्या मजल्यावर असतील, पण खापरपणजोबा एकच.

त्यामुळे विषयाच्या नावावर जाऊ नकोस, उद्या दोघांच्या लॅबमध्ये जाऊन तासभर बस. सीएफडीच्या सरांच्या पोरांना विचार, मेश (गणितासाठी पाडलेली चौकटींची जाळी) दुप्पट बारीक केल्यावर उत्तर किती बदललं? आणि ते कुठल्या प्रयोगाशी ताडून पाहिलं? असले प्रश्न सर स्वतः विचारत असतील तर डोळे मिटून जा त्यांच्याकडे. कॉम्प्युटरवरचं लाल-निळं चित्र बघून 'छान आलंय' म्हणत असतील तर ती रांगोळी आहे.

ट्रायबॉलॉजीच्या लॅबमध्ये पिन-ऑन-डिस्क मशीन असेल, फिरणाऱ्या चकतीवर धातूची छोटी पिन ठरलेल्या वजनानं दाबून ठेवायची आणि घासून पिन किती झिजली ते आधीच्या-नंतरच्या वजनावरून काढायचं. ऐकायला सोपं आहे. मी एम.ई. ला असताना माझी पिन तासभर घासून झाल्यावर काट्यावर ठेवली तर वजन चक्क वाढलेलं! मी घाबरून ते रीडिंग खोडलं. सर म्हणाले, खोडलंस का? एसिटोननं नीट पुसली होतीस का, की वंगणाचा थर पण तोलला, आणि चकतीचा धातू पिनेला चिकटलाय का ते बघितलंस का? मी काहीच बघितलं नव्हतं. पुढचे दोन दिवस नुसतं पिन धुणं आणि तोलणं, सेव-उसळ खायला पण वेळ नाही. पण झीज मिलिग्रॅममध्ये मोजायची म्हणजे काय ते मला त्या दोन दिवसांत कळलं. तुझे सर खोडलेलं रीडिंग बघून काय म्हणतात ते सिनिअर्सना विचार.

प्लेसमेंटचं म्हणशील तर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) जाऊन बघ, पंप, गिअरबॉक्स, व्हॉल्व्ह, जिथे काही फिरतं तिथे बेअरिंग आणि सील झिजून खराब होतातच. मला विचारशील तर मी घासाघाशीच घेईन.

प्रश्न : नातवाच्या कॉलेजच्या वेबसाइटवर एकेका प्रोफेसरपुढे सात-सात स्पेशलायझेशन लिहिलीत, थर्मल, आयसी इंजिन, रेफ्रिजरेशन, ऑप्टिमायझेशन, एआय. एका माणसाला एवढं येतं का हो? — एक आजोबा, रावपुरा

उत्तर : आजोबा, त्यातलं एक घर असतं आणि बाकीच्या खिडक्या. घर कुठलं ते पीएचडीच्या विषयावरून आणि गेल्या तीन-चार पेपर्सवरून कळतं. ऑप्टिमायझेशन, एआय ही बहुतेक वेळा हत्यारं असतात, म्हणजे हीट एक्स्चेंजरवाले (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रावर काम करणारे) सर नळ्यांचा व्यास आणि संख्या ठरवायला ती वापरतात, तेव्हा ते लिहिणं काही खोटं नाही. पण पेपर सगळे हीट एक्स्चेंजरचे आणि यादीत रोबोटिक्स पण असेल तर ते वाऱ्याबरोबर आलेलं समजा. आणि आपल्या बडोद्याला याचं नवल नको, १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हा तिथले पहिले प्रिन्सिपॉल त्रिभुवनदास गज्जर हे मुळात रसायनशास्त्राचे होते आणि त्यांच्या हाताखाली मेकॅनिकलची पण पोरं शिकली.