दिवसभर दुकानात उभं राहून पाय सुजतात, वर सगळे सांगतात "रोज चालत जा". दमलेल्या पायांना आणखी दमवून काय होणार?

भाऊ, हेच मी बायकोला विचारलं होतं. जळगावात कापडाच्या दुकानात सेल्समन आहे मी. लग्नसराईत दहा-दहा तास गादीशेजारी उभा. रात्री मोजे काढले की नडगीवर इलॅस्टिकची खोल खाच, आणि तिच्या वर बोट दाबलं तर पडलेला खळगा लवकर भरायचाच नाही. यावर कोणी "फिरायला जा" म्हटलं की डोकं फिरायचं.

माझी चूक अशी की उभं राहणं म्हणजेच पायांचा व्यायाम, असं मी धरून चाललो होतो. रक्ताच्या हिशोबाने ही दोन्ही कामं उलटी आहेत.

हृदयाकडून पायात रक्त उतरायला काही त्रास नाही. त्रास आहे ते परत छातीपर्यंत चढवायचा. तो भार पोटरी उचलते. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला तरी ते खाली येत नाही, कारण शिरांमध्ये झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो ना (गावाकडे त्याला सरळ 'फुटबॉल' म्हणतात), तसंच. नुसतं उभं राहिलं तर हा पंप बंद. तेव्हा पावलाच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. चालू लागलं की साधारण तिशीच्या आत येतो. दाब जास्त असला की रक्तातलं पाणी झिरपून कातडीखाली साठतं, तीच सूज. १५ ऑगस्टला रांगेत ताठ उभी पोरं चक्कर येऊन पडतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं: रक्त पायात साठतं आणि मेंदूला कमी पडतं.

झडपा बघायच्या असतील तर हात खाली लोंबता सोडा. शीर फुगली की मनगटाकडच्या बाजूला ती एका बोटाने दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त निपटत न्या आणि ते दुसरं बोट उचला. वरचं रक्त झडपेशी अडतं, खालचा तुकडा रिकामाच राहतो. पहिलं बोट सोडलं की खालून झर्रकन भरतो. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली हाच प्रयोग चित्रांसह छापला होता. रावेरकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरणाऱ्या माणसांच्या हातावर तर शिरा अशा उठलेल्या असतात की दुरूनही दिसतात.

आता बाकीचं शरीर. बसल्याजागी हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फिरवतं, जोराच्या व्यायामात २० लिटरपर्यंत. त्यातला मोठा वाटा स्नायूंकडे वळतो आणि पोटाचा कमी होतो. म्हणून भरीत-भाकरी हाणून लगेच पळू नका. काही महिने नेमाने चाललं की स्नायूंत नव्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकू लागतं. माझी सकाळची नाडी ८२ होती, आता ६८ आहे.

सुरुवातीला पाय दुखतील, ते वेगळं दुखणं. चैत्रात आमच्याकडून लोक वणीला पायी जातात. गड चढताना कोणी कुरकुरत नाही, पण उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी घरोघरी "मना पाय दुखी ऱ्हायनात" सुरू. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याचे धागे बारीक दुखावतात. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, पण ते तास-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

उन्हाळ्यात सूज वाढते, कारण उष्णतेने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. मे महिन्यात मी पहाटे साडेपाचलाच मेहरूण तलाव गाठतो. एकाच पायाला सूज, तो गरम आणि दुखरा, किंवा सोबत धाप लागत असेल, तर मात्र चालणं राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि दुकानात? गिऱ्हाईक दोन साड्यांत अडकलं की मी टाचा वर-खाली करतो, वीस-पंचवीस वेळा. एका मावशींनी विचारलंच, "का रे भाऊ, बाथरूमला जायचंय का?"