भिंती रंगवण्याआधी फळा बघा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : प्राथमिक शाळेचा वर्ग

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्ता परिसरातल्या शाळेत मी पहिलीला शिकवते. पट ३८. पालकांनी वर्गणी काढली आहे आणि चारही भिंती चित्रांनी, तक्त्यांनी भरून घ्यायच्या म्हणतात. पेंटरने दरही दिलाय. करून घेऊ का?

चारही नकोत. त्या पैशांतून आधी फळा दुरुस्त करून घ्या.

शेवटच्या बाकाच्या दोन्ही टोकांना स्वतः बसून बघा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. खिडकीसमोरचा फळा चकाकतो आणि त्या कोपऱ्यातल्या मुलांना लिहिलेलं दिसतच नाही. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेल्या फळ्याचंही तेच होतं. बऱ्याच ठिकाणी फळ्याला साधा ऑइलपेंट मारलेला असतो, तो तर आणखी चमकतो. पॉलिश पेपरने फळा घासून घ्या, फळ्यासाठीच मिळणाऱ्या मॅट रंगाचे दोन हात द्या आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. रंग वाळला की खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या डस्टरने पुसा. हे न करता थेट लिहिलं तर पहिल्या दिवशीची अक्षरं पुसूनही पुसट दिसत राहतात. वर्ग वीस फूट लांब असेल तर पहिलीसाठी अक्षर तीन इंचांपेक्षा लहान नको, कारण काना-मात्रा-वेलांटीमुळे देवनागरी अक्षराला वर-खाली जागा लागते.

आता भिंती. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण ११० ते ११५ सेंटीमीटर, म्हणजे डोळे जमिनीपासून एक मीटरवर. आपण तक्ते लावतो सहा फुटांवर, मोठ्यांना बरे दिसावेत म्हणून. मुलांसाठीचा पट्टा जमिनीपासून ६० ते १२० सेंटीमीटर एवढाच. तिथे एका भिंतीवर खालचा काळा फळा करा म्हणजे मुलं स्वतः लिहितील. दुसऱ्या भिंतीवर दोन खिळ्यांना सुतळी बांधून कपड्यांचे चिमटे लावा. त्यावर या आठवड्यात शिकतोय तेवढंच टांगायचं आणि शिकून झालं की उतरवायचं. पेंटरने काढलेलं चित्र उतरवता येत नाही, म्हणूनच आमचा त्याला विरोध. दुसऱ्या महिन्यापासून मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत.

मुख्य फळ्याच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन फूट भिंत मोकळी ठेवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवर्गाच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच मुलांना कधी गच्च सजवलेल्या खोलीत शिकवलं, कधी जवळजवळ रिकाम्या. सजवलेल्या खोलीत लक्ष जास्त वेळा उडालं आणि शिकणंही कमी झालं. याचा अर्थ भिंती ओक्याबोक्या ठेवा असा नाही. शिकवताना मुलाची नजर जिथे असते, तिथे दुसरं काही नको.

प्रश्न : आमची शाळा सातारा रस्त्याला लागून. हॉर्न, पीएमपीच्या बस, त्यात वरच्या वर्गांवर पत्रा. मागच्या बाकांवरची मुलं श्रुतलेखनात फार चुकतात. काय करावं?

चुका नीट बघा. 'घर'चं 'धर' झालं असेल तर अक्षरांच्या आकाराचा गोंधळ असू शकतो. पण 'पाट'चं 'पाठ' किंवा 'डाळ'चं 'ढाळ' होत असेल तर मुलाला ऐकूच नीट येत नाहीये. गोंगाटात पहिल्यांदा बुडतात ती व्यंजनं, स्वर पोचतात. मोठ्यांना शब्द आधीच माहीत असतो म्हणून ते अंदाजाने भरून काढतात. सात वर्षांच्या मुलाकडे तो साठा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. रस्त्यालगतच्या शाळेत ती पाळली जाणं अवघड, म्हणून अंतर कमी करा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. श्रुतलेखन टेबलापासून नको, वर्गाच्या मध्यावर उभं राहून घ्या. बाक घोड्याच्या नालासारखे लावता आले तर उत्तमच. वाचनाच्या तासाला रस्त्याकडच्या खिडक्या लावा, आतल्या बाजूच्या खिडक्या आणि दार उघडं ठेवा. सगळंच बंद केलं तर अर्ध्या तासात मुलं पेंगायला लागतात. बाकांच्या पायांना रबरी बुचं बसवा, खडखडणारा पंखा दुरुस्त करून घ्या, मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड लावा, खाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने फरक पडत नाही.

पत्र्यावर पाऊस कोसळत असताना शिकवण्याचा अट्टहास करू नका, घसा जातो. त्या वेळासाठी मूक वाचनाची पुस्तकं आणि गणिताची कार्डं जूनमध्येच तयार ठेवा. आणि एखादं मूल पहिल्या बाकावर बसूनही चुकत असेल, त्याचा कान वाहत असेल, तर शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाला ते मूल आवर्जून दाखवा.

प्रश्न : दुसरीतली हुशार मुलंही ४५ सांगितलं की ५४ लिहितात आणि २९ला ३९. रोज उजळणी घेते, तरी सुटत नाही.

नुसत्या उजळणीने सुटणारही नाही. 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं, म्हणजे ५४. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो २. असे 'एकोण'वाले आकडे १९पासून ८९पर्यंत आठ आहेत; ९९ मात्र नव्व्याण्णव, तो त्या रांगेत बसत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली, त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. त्यामागची अडचण मात्र खरी होती आणि ती तुमच्या वर्गात रोज दिसतेय.

चार-चार मुलांचा गट करा. प्रत्येक गटाला आइस्क्रीमच्या १०० काड्या आणि दहा रबरबँड द्या. अप्पा बळवंत चौकात काड्यांची पाकिटं मिळतात. दहा काड्या मोजून गठ्ठा मुलांनीच बांधायचा. तुम्ही बांधून दिलेत तर तो त्यांच्यासाठी 'दहा' नसतो, एक जाड काडी असते. मग 'पंचेचाळीस' म्हणा. मुलं चार गठ्ठे डावीकडे आणि पाच सुट्या उजवीकडे ठेवतील, 'चाळीस आणि पाच' म्हणतील आणि त्यानंतरच लिहितील. बोलणं आणि लिहिणं यांच्यामध्ये हात आला की क्रम बदलायला सवड मिळते. इथे एक चूक हमखास होते. शिक्षक मुलांसमोर उभे राहून गठ्ठे मांडतात, तेव्हा त्यांची डावी बाजू मुलांची उजवी असते आणि वर्गाला ५४ दिसतं. मुलांच्या बाजूला जाऊन बसा.

'एकोण'साठी काड्या उपयोगाच्या नाहीत. त्याला १०० मण्यांची माळ लागते, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. मूल तीस मणी मोजून चिमटा लावतं आणि एक मणी मागे सरकतं : तीसला एक कमी. सुरुवातीला दिवसाला एकच एकोण आकडा घ्या. घाई करून आठही एका दिवशी घेतलेत तर पुन्हा घोकंपट्टीवरच येऊन थांबाल.

प्रश्न : तिसरीला आहे. प्रश्न विचारला की ठरलेली पाच-सहा मुलंच हात वर करतात. बाकीची गप्प.

कारण उत्तर त्यांच्याआधीच येतं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधलं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात 'एक, दोन, तीन' मोजा. सुरुवातीला हे फार जड जातं.

हात वर करणं आठवड्यातले दोन दिवस बंद ठेवा आणि पाट्या आणा. प्रश्न, शांतता, सगळ्यांनी लिहायचं, मग 'पाट्या वर'. दहा सेकंदांत कळतं की अर्धा वर्ग हातचा विसरलाय. पहिल्या बरोबर उत्तराला लगेच 'शाब्बास' म्हणू नका, तिथे बाकीच्यांचा विचार थांबतो. नाव घेऊन विचारायचं असेल तर आधी प्रश्न, मग नाव. 'सायली, सांग बरं' असं आधी म्हटलं की उरलेला वर्ग सुटला.

प्रश्न : माझा मुलगा हडपसरच्या शाळेत दुसरीत आहे. फळ्यावरचं लिहून होत नाही म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करतात. शाळेत जायचं नाव काढलं की रडतो.

ताई, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा, शांतपणे पण ठामपणे. बाहेर उभं राहिलेल्या मुलाचा तोही तास बुडतो आणि लिहायचं आणखी साठतं.

सोबत कारणही शोधा. तोच मजकूर पुस्तकातून, वही शेजारी ठेवून उतरवायला सांगा. तो भराभर लिहीत असेल तर अडचण फळ्याची किंवा डोळ्यांची आहे. डोळे तपासून घ्या आणि तोवर पहिल्या बाकावर जागा मागा. तरीही हळू लिहीत असेल तर बघा, एकेक अक्षर बघून लिहितोय का. तसं असेल तर त्याला अजून शब्द वाचता येत नाही, तो चित्र काढल्यासारखा उतरवतोय. अशा वेळी लिखाण निम्मं करून घ्या आणि रोज दहा मिनिटं वाचन. चष्मा लागलाच तर बाईंना नक्की सांगून ठेवा, कारण डब्याच्या सुट्टीनंतर या वयाच्या मुलांचा चष्मा बहुतेक वेळा दप्तरातच राहतो.