महिन्याची वर्गणी भरूनही वर पैसे मोजावेत का?

प्रश्न : मी ठाण्याहून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ खेळतो, मैत्रीण न्यू जर्सीहून. खेळातल्या दोन पक्षांपैकी ती होर्डमध्ये, मी अलायन्समध्ये, रेल्मही (म्हणजे सर्व्हर) वेगळे. महिन्याला १५ डॉलर जातातच. वर रेल्म बदलायला २५, पक्ष बदलायला ३० आणि कॅरेक्टर बूस्टला (कॅरेक्टर एकदम वरच्या लेव्हलला नेण्याला) ६० डॉलर दिसतात. एकत्र खेळायला यातलं काय घ्यावं?

उत्तर : आधी रीजन, म्हणजे तुमचे सर्व्हर कोणत्या भूभागाचे आहेत ते, तपासा. तुमचं कॅरेक्टर युरोपात आणि तिचं अमेरिकेत असेल, तर कितीही पैसे भरले तरी ते तिकडे नेता येत नाही. नवं कॅरेक्टर करावं लागतं, वर्गणीही वेगळी.

रीजन एकच असेल, तर पक्षबदलाचे ३० डॉलर वाचवा. मे २०२२ च्या ९.२.५ या पॅचपासून (खेळाच्या अपडेटपासून) होर्ड आणि अलायन्सवाले आपणहून गट जमवून डंजन आणि रेड (छोट्या आणि मोठ्या गटाच्या मोहिमा) खेळू शकतात. २०२३ पासून एका गिल्डमध्येही (खेळाडूंच्या संघात) राहू शकतात. खेळाच्या कंपनीच्या बॅटलनेट सेवेवर तिला मित्रयादीत घ्या आणि तिथूनच गटात बोलवा. वेगळ्या रेल्मचीही त्याला आडकाठी नाही.

मग रेल्म बदलायचा कधी? तुमचा रेल्म ओस पडला असेल तेव्हा. खेळाडू खेळात विकतात त्या वनस्पती, धातू, कापड यांचा लिलाव २०२२ पासून सगळ्या रीजनला एकच आहे, पण शस्त्रं-चिलखतं अजून रेल्मच्याच बाजारात विकली जातात. तिथे गिऱ्हाईक नसेल तर माल पडून राहतो. बदलायचाच असेल, तर आधी टपालपेटी रिकामी करा, लिलावातला माल आणि बोली काढा, गिल्डप्रमुख असाल तर पद दुसऱ्याकडे द्या. यातलं काही राहिलं की अर्ज अडकतो. सोबत किती सोनं नेता येईल यालाही मर्यादा आहे. आणि परत यायचं म्हटलं की पुन्हा २५ डॉलर!

बूस्ट नवख्याने घेऊच नये. लेव्हल मिळते, हात बसत नाही: एकेक करून शिकायची कौशल्यं एकदम पडद्यावरच्या बटणांच्या बारवर येतात आणि पहिल्याच डंजनमध्ये गोंधळ उडतो. २०२० मध्ये कमाल लेव्हल १२० वरून ६० वर आणल्यापासून चढण तशीही सोपी झाली आहे. ज्याची दोन-तीन कॅरेक्टर वर पोचली आहेत आणि ज्याला वेळच नाही, त्याला बूस्ट परवडेल. त्यानेही नव्या विस्ताराच्या (खेळाच्या नव्या भागाच्या) महागड्या आवृत्तीत तो फुकट मिळतोय का, हे आधी बघावं.

हिशेब करताना डॉलरच्या दरावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरा. उलट, खेळातलं सोनं साठलं असेल तर लिलावातून वॉव टोकन घ्या. त्यात ३० दिवसांची वर्गणी निघते. बाहेरच्या विक्रेत्याकडून मात्र सोनं घेऊ नका, खातं बंद होऊ शकतं.