लहान टेबलावर वाफेचं इंजिन

मॉडेल रेल्वेसाठी, म्हणजे विजेवर धावणाऱ्या छोट्या प्रतिकृतीसाठी, चार बाय तीन फुटांचं टेबल असेल तर लांबलचक इंजिनाचा मोह आवरा. एचओ म्हणजे १:८७ मापात (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आणि तुमच्या टेबलावर वळण जेमतेम ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं बसेल. तिथं सहा चाकांचं बुटकं टँक इंजिन (पाणी-कोळसा मागच्या डब्यात नाही, स्वतःवरच वाहणारं) झकास फिरतं.

त्याची अडचण एकच. चाकं कमी, म्हणून रुळातून वीज घ्यायला जागाही कमी. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या बऱ्याच सांध्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचा तुकडा असतो, त्यावर हळू आलेलं इंजिन थबकतं. माझं थबकायचं तेव्हा मी दोन दिवस मोटर खोलून बसलो होतो. दोष निघाला रुळावरच्या मळाचा. सांगलीच्या पावसाळ्यात तो लवकर धरतो. सुती चिंधीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि चिंधीवर काळा पट्टा उमटायचा थांबेपर्यंत रूळ पुसा. मग चाकं. सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत मळ घट्ट बसतो. तेल सुईच्या टोकावर राहील एवढंच, तेही आसाला.

आणि जागा फारच कमी वाटली तर आपल्या मिरजेची नॅरोगेज करा ना! मिरज-लातूर गाडी ७६२ मिलिमीटर रुळावर धावायची. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणजे एन या आणखी लहान मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. वळणंही आणखी आवळता येतात. मला तरी तीच गाडी सगळ्यात देखणी वाटते.